माझ्या हातचे बोंबील

माझी थोरली मुलगी आता चौतिशीची आहे. सरकारी दाखल्यावर तिच्या नावापुढं 'बौद्धिक अक्षमता' असं लिहिलंय. मी चौथी नापास. ते शब्द वाचायलाच मला वेळ लागला, आणि पटले तर अजून नाहीत. तिला सगळं कळतं. सांगणाऱ्यानं एका वेळी एकच गोष्ट सांगावी, एवढंच. लोकांना तेवढा दम नसतो, त्याला ती काय करणार?

तालुक्याच्या गावी अशा मुलांचा एक वर्ग चालायचा. तिथं ती नऊ वर्षं गेली. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, दिवाळीला पणत्या रंगवणं. शिकवणाऱ्या बाई जीव लावून शिकवायच्या, पण वर्ग सुटल्यावर पुढं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्याबरोबरची बहुतेक सगळी आज घरात बसून आहेत. एकदा बाईंनी कळवलं, मांडव्याच्या बाजूला एका हॉटेलात चादरींच्या घड्या घालायचं काम आहे. मी तिला घेऊन गेलो. तिथल्या साहेबानं तिला चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरं मीच दिली. कळवतो म्हणाला. कळवलं नाही. मी घरी येऊन साहेबाला शिव्या घातल्या.

मग दोन वर्षांमागं आमच्याच कोळीवाड्यातल्या एका बाईनं तिला कामाला बोलावलं. या बाईचं बोंबील सुकवायचं खळं आहे, हाताखाली आठ-दहा बायका. मला रागच आला. चाळीस वर्षं मी स्वतःची होडी चालवली, अख्खा कोळीवाडा मला नाखवा म्हणतो, आणि माझी पोर दुसऱ्याच्या खळ्यावर राबणार? नाही म्हणून सांगितलं. तर पोरगी सकाळी चपला घालून दारात उभी. दुसऱ्या दिवशीही तशीच. हट्टात माझ्यावर गेलीय. सोडावं लागलं. मालकीण म्हणाली, आठ दिवस बघते, जमलं तर हंगामभर ठेवीन.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणतात, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. दोन ओले बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडं, एक पलीकडं. हे बायकांचं काम. मी जन्मभर बोंबील पकडले, पण वलांडीला कधी हात लावला नव्हता.

पहिले तीन दिवस मी खळ्याच्या कुंपणापाशी उभा राहिलो. पोरगी फार सावकाश करायची. एक बोंबील उचलायची, दुसरा त्याच्याशेजारी धरून बघायची, खाली ठेवायची, तिसरा घ्यायची. बाकीच्यांच्या दोन दोऱ्या भरत तेव्हा हिची एक व्हायची. एक जण म्हणाली, "ही काय बोंबलांची लग्नं जुळवते गो?" सगळ्या हसल्या, पोरगीसुद्धा हसली. मला काही हसू आलं नाही. वाटलं, हिला काढणार.

चौथ्या दिवशी बायका चहाला गेल्या, त्यांच्याबरोबर पोरगीही गेली. मी आत शिरलो आणि तिच्या पाटीतले बोंबील भराभर जोडून तिची रिकामी दोरी भरून टाकली. यात अवघड ते काय, असं मनात म्हटलं आणि पुन्हा बाहेर येऊन उभा राहिलो.

दुपारी वारा सुटला आणि त्याच दोरीवरचे बोंबील वाळूत पडायला लागले. हाताला येईल तो मोठा आणि हाताला येईल तो बारका, असे मी जोडले होते. मोठा खाली ओढायचा, बारका वर दोरीपर्यंत यायचा आणि जबडा सुटायचा. पोरगी इतका वेळ लावून काय बघत होती, ते मला तेव्हा कळलं.

मालकीण आली. खाली पडलेली मासळी बघून ती ओरडली नाही. पोरीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "बाय, तुला ह्ये जमायचं न्हाय. उद्यापासून घरीच बस."

ही दोरी आपण भरली नाही, हे पोरीला ठाऊक होतं. तिनं वाळूकडं पाहिलं, मग कुंपणाकडं, माझ्याकडं.

चाळीस वर्षांत मी एकाही खलाशापुढं चूक कबूल केलेली नाही. होडी खडकाला लागली तेव्हासुद्धा खडकालाच दोष दिला. त्या दिवशी सगळ्या बायकांच्या देखत म्हणालो, "ते तिचे न्हायत. माझ्या हातचे हायत."

मालकिणीनं पोरीची पहिली दोरी हलवून बघितली. एकही जोडी सुटली नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पोर ऱ्हाईल, नाखवा. तुम्ही मात्र आता कुंपणाच्या आत पाय ठेवायचा न्हाय."

बायकांनी पदर तोंडाला लावले. मी काहीतरी उत्तर देणार होतो, तेवढ्यात पोरगी पडलेले बोंबील पाटीत गोळा करता करता म्हणाली, "बाबा, तू घरी जा."

मी गेलो. हा तिचा तिसरा हंगाम चालू आहे. मी आता खळ्यावरून जातच नाही. बंदरावर जायचं झालं तर देवळामागून लांबचा रस्ता धरतो.