तळटीप नसलेली चांदणी

छापखान्यात तिला सगळे कानामात्राबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. छापायला जाण्याआधी प्रत्येक कागद तिच्या टेबलावरून जायचा. शाळेची पुस्तकं असोत, बसची वेळापत्रकं असोत की साबणाची वेष्टनं, बाई सगळं सारख्याच गांभीर्याने वाचायची. एकोणीस वर्षांत दोनच चुका तिच्या नजरेतून निसटल्या होत्या. त्या दोन्ही ती अजून तोंडपाठ म्हणून दाखवायची.

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. भावाला जन्मापासून हिमोफिलिया. म्हणजे रक्त गोठायचंच नाही. साधं कुठे आपटलं तरी गुडघा आतल्या आत रक्ताने भरायचा, टम्म फुगायचा आणि मग आठवडाभर अंथरूण. आई गेल्यावर त्याचं सगळं ताईवर आलं. तो बसल्या जागी रेडिओ दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकांची अशी फिरकी घ्यायचा, की धडधाकट रेडिओ घेऊनही लोक त्याच्याकडे यायचे.

मग नवं औषध आलं. हजारो माणसांच्या रक्तातून काढलेली पांढरी पूड, छोट्याशा बाटलीत. शुद्ध पाण्यात विरघळवायची आणि घरच्या घरी शिरेत टोचायची. ताई टोचायला शिकली. पहिल्याच महिन्यात भाऊ जिना चढून गच्चीवर गेला आणि वरून ओरडला, "ताई, इथून तुझा छापखाना दिसतो की गं!" ती धावत वर गेली. दोघं वेड्यासारखी हसत सुटली.

चार वर्षांनी त्याचे डोळे पिवळे पडले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मान खाली घातली. पुडीतून विषाणू गेला होता आणि यकृत पोखरत होता. हजारांत एकाचं रक्त दूषित निघालं तरी अख्खी खेप नासते, हे त्यांनी तेव्हा समजावून सांगितलं. शहरात त्याच औषधाने आजारी पडलेली आणखी छत्तीस माणसं होती. त्यातली नऊ तर गेलीही होती.

"मीच टोचलं रे तुला," ती म्हणाली. "माझ्या या हातांनी."

"तू औषध टोचलंस. त्यात घाण कोणी येऊ दिली, ते त्यांना विचारू ना," भाऊ म्हणाला.

सदतीस घरं एकत्र आली आणि औषध कंपनीवर खटला भरला. त्यांना वकील मिळाला तो तरुण, अंगावरचा कोट सैल, पण माणूस चिवट. कंपनीचं म्हणणं एकच होतं: असा काही धोका आहे हे त्या काळी जगात कोणालाच माहीत नव्हतं, कळल्याबरोबर आम्ही औषध मागे घेतलं. न्यायाधीशांनी जुने कागद दाखवायला सांगितले, तर कंपनीने चौदा खोकी पाठवून दिली. ना क्रम, ना तारीखवार मांडणी. वकिलाच्या कचेरीत बसायला जागा उरली नाही. वकिलाने कपाळाला हात लावला.

"यांनी आपल्याला कागदांत गाडायचं ठरवलंय. हे वाचणार कोण?"

"मी," कानामात्राबाई म्हणाली. "आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

रोज संध्याकाळी कामावरून सुटली की ती थेट कचेरीत यायची आणि दोन तास खाली मान घालून वाचायची. औषधशास्त्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कागद कसा बनतो ते कळत होतं. पाचव्या महिन्यात, नवव्या खोक्यात, तिला औषधासोबतचं माहितीपत्रक सापडलं. तिच्या भावाने पहिली बाटली घेतली, त्याच्या वर्षभर आधी छापलेलं. त्यात लिहिलं होतं, हे औषध सुरक्षित आहे. आणि 'सुरक्षित' या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती.

तिने पान खालपर्यंत पाहिलं. तळाशी आडवी रेघ होती. रेघेखाली काहीच नव्हतं.

"वकीलसाहेब, जरा इकडे या. ही चांदणी बघा."

"छपाईतली चूक असेल."

"चूकच आहे. पण कसली? चांदणी शोभेला लावत नाहीत हो. ती सांगते, खाली टीप आहे ती वाचा. रेघसुद्धा टिपेसाठीच मारलीय. म्हणजे टीप होती. कोणीतरी ती काढली आणि चांदणी काढायला विसरला."

वकील खुर्चीतून उठलाच.

"ज्याने हे छापलं त्याला शोधा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाने सही केलेला कच्चा छाप कोणताही छापखाना फेकत नाही. उद्या गिऱ्हाईक उलटलं तर आमचा तोच आधार."

तो छापखाना सापडला. तिथला म्हातारा फोरमन माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेला गठ्ठा घेऊन उतरला. कच्च्या छापात रेघेखाली एक ओळ होती: या औषधातून यकृताचा संसर्ग झाल्याच्या तक्रारी आल्या आहेत. ओळीवर लाल पेन्सिलीने काट मारलेली होती. बाजूला कंपनीच्या अधिकाऱ्याची सही आणि तारीख.

साक्षीच्या दिवशी भाऊ पुढच्याच बाकावर येऊन बसला. बाई पिंजऱ्यात उभी राहिली. कंपनीचे वकील पिकल्या केसांचे, आवाज लोण्यासारखा.

"बाई, आपलं शिक्षण?"

"शाळेपुरतं."

"वैद्यकशास्त्र? रसायनशास्त्र?"

"नाही."

"म्हणजे या औषधातलं तुम्हाला काहीही कळत नाही, असंच ना?"

"नाही कळत," ती म्हणाली. "म्हणून तर आम्ही तुमच्या कागदावर विश्वास ठेवला. कागदातलं मात्र मला कळतं, साहेब. ही ओळ वाचली असती तर मी डॉक्टरांना चार प्रश्न विचारले असते. तो विचारायचा हक्क कोणीतरी लाल पेन्सिलीने खोडला."

कंपनीच्या वकिलांनी समोरचे कागद आवरले आणि ते खाली बसले.

निकाल यायला आणखी दीड वर्ष गेलं. त्या दिवशी न्यायालयात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीला धोका ठाऊक होता आणि तिने तो लपवला, असं न्यायाधीशांनी स्पष्ट शब्दांत वाचून दाखवलं. आजाऱ्यांच्या उपचाराची जबाबदारी कंपनीवर आली, जाहीर माफी मागावी लागली आणि विषाणू मारल्याशिवाय एकही खेप विकायला बंदी झाली. निकालपत्रात चांदणीसाठी अख्खा परिच्छेद होता. गेलेल्या नऊ जणांच्या घरची माणसं एकमेकांचे हात धरून बसली होती. आनंद म्हणावा असं ते नव्हतं. पण त्या दिवशी कोणीही मान खाली घालून बाहेर पडलं नाही.

पायऱ्यांवर एका वार्ताहराने भावाला गाठलं. "आपण त्या आजारी लोकांपैकीच ना?"

"मी?" भाऊ ताठ उभा राहत म्हणाला. "मी त्या बाईंचा भाऊ."

ताईने ऐकलं. तिने पदराने चष्मा पुसला.

दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरातून पत्र आलं. तिथेही तसंच औषध, तशीच माणसं, आणि कंपनीने पाठवलेली बावीस खोकी. तिने रजेचा अर्ज लिहिला. मालकांनी तो वाचला आणि विचारलं, "किती दिवस?"

"खोकी संपेपर्यंत."

मालकांनी सही केली. पुढच्या सोमवारी सकाळच्या बसने ती निघाली, खिडकीशी भाऊ आणि मांडीवर तिची पिशवी.