आबा कुणाचे?

आमचे आबा वडूजजवळच्या आमच्या गावात नागरिकशास्त्र शिकवायचे, आणि त्यांनी मत कुणाला दिलं हे आईलासुद्धा कधी कळलं नाही. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. गावात दोन पॅनेल. निवडणूक आली की दोन्हीकडे मटणाच्या पंगती आणि आमच्या घरी पिठलं. कुणाच्याच पंगतीला जायचं नाही, हा नियम. वास मात्र दोन्हीकडचा यायचा.

एकदा मी चिडून म्हणाले, "आबा, हे तळ्यात-मळ्यात किती दिवस?"

"एका बाकावर दोन्ही पॅनेलची पोरं बसतात," ते म्हणाले. "माझ्या तोंडून एक नाव निघालं, की त्यातलं एक माझं ऐकायचं बंद करील. मग त्याला मतदान म्हणजे काय ते कोण शिकवणार?"

पटायचं, आणि रागही यायचा. त्यांची पोरं कालव्याच्या पाण्यावरून वर्गात तासभर भांडायची, आज या बाजूने तर उद्या त्या. फक्त मास्तरांना स्वतःला काय वाटतं, ते कुणालाच माहीत नसायचं. मलाही नाही.

मग गावातच दिलेल्या माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, सरपंचपदाला उभे राहिले. आत्या स्वतः बोलवायला आली. "प्रचार नगं करू. निस्तं जेवाय ये. लोकांस्नी दिसू दे, माझा भाऊ माझ्या दारात हाय."

"निकाल लागला की येतो. गुलाल कुणाचाही असू दे," आबा म्हणाले. आत्या चहा न पिताच उठली.

मामा थोडक्यात पडले. त्या संध्याकाळी आबा खरंच गेले, तर दाराला आतून कडी होती. तेव्हापासून भाऊबीज बंद झाली. दर दिवाळीला आबा साडी पाठवायचे आणि ती तशीच परत यायची. मास्तरानं तत्त्वापायी बहीण घालवली, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे.

मी आता सांगलीत, विश्रामबागच्या एका शाळेत तोच विषय शिकवते. मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही कुणाच्या?" मी हसून पुढचा धडा काढते. वर्गात उभी असले की आबांचं बरोबर होतं असं वाटतं. घरी आले की वाटतं, त्यांनी एकदा तरी कुणाची बाजू घेऊन माझ्याशी कडकडून भांडायला हवं होतं. जेवता जेवता, ताट बाजूला सारून. त्या न झालेल्या भांडणासाठी माझा अजून जीव तुटतो.

गेल्या वर्षी आबा गेले. दहाव्याला आत्या आली. बायकांतून वाट काढत माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "येवढंच सांग बाय. त्या टायमाला त्यानं बटन कुणाचं दाबलं? आमचं दाबलं व्हतं का?"

नुसतं हो म्हणाले असते, तरी तिचं उरलेलं आयुष्य सुखात गेलं असतं. पण आबांच्या नावावर खोटं बोलायला जीभ वळेना.

"मला ठाऊक नाही, आत्या."

"ठावं असतं तरी सांगितलं नसतंस. त्याचीच लेक तू," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

"सांगितलं असतं," मी म्हणाले. "पहिलं तुलाच सांगितलं असतं."