डॉक्टरांचे हात आणि माझे चाळ

लालबागला डॉक्टर राहुल शिगवणांच्या दवाखान्यात मी, जाईबाई, बावीस वर्षं कंपाउंडर आहे. डॉक्टर पन्नाशीला टेकले, तरी दर रविवारी पायात घुंगरांचे चाळ बांधून मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळात कोकणातला बाल्या नाच नाचतात. आणि सोमवारी हाच माणूस पेशंटला सांगतो, दगदग करू नका!

त्या नाचाला मृदंग बुधाजीकाकांचा. जन्म मिलमध्ये गेला, आता सत्तरी उलटली. डॉक्टरांना नाचातला पहिला फेरा त्यांनीच शिकवला. काकांचा उजवा खांदा धरायचा आणि डॉक्टर दुखण्याच्या गोळ्या द्यायचे. वर्षानुवर्षं दिल्या. एक दिवस त्या गोळ्यांनी पोटात जखम होऊन काकांना रक्ताची उलटी झाली. गोळ्या बंद झाल्या, खांदा आखडला, हात छातीपर्यंत उचलेना. मृदंग खुंटीला गेला. डॉक्टर माझ्यासमोर रडले हो. "जाईबाई, हे मी केलं."

मग त्यांच्या डोक्यात ऑस्टिओपथी शिरली. म्हणजे हाडं, सांधे, स्नायू हातांनी चाचपायचे आणि हातांनीच मोकळे करायचे. चार वर्षं सुट्ट्या घालवून शिकले, आतल्या खोलीत लांब टेबल टाकलं, सुया-गोळ्या कमी केल्या. पण आमच्याकडे सुई टोचली नाही तर डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटत नाही कुणाला! निम्मे पेशंट समोरच्या दवाखान्यात गेले. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत ओरडले, "एमबीबीएस होऊन मालिश करताय? या हातांनी काकांचा मृदंग परत वाजला ना, तर मी पायात चाळ बांधून नाचेन!"

डॉक्टर एवढंच म्हणाले, "काकांना बोलवा."

काका टेबलावर आडवे झाले. डॉक्टरांनी हात ठेवले ते बरगड्यांवर. काका भडकले, "अरे मेल्या, खांदा वर हाय! बरगड्या कसल्या मोजतोस?"

"काका, खालचं सुटल्याशिवाय वरचं सुटणार नाय. श्वास सोडा."

दर मंगळवारी हेच. मी नाक मुरडत चादर बदलायची. तीन महिन्यांनी एकदा शर्ट घालताना काकांचा हात सरळ वर गेला. काका त्या हाताकडे बघतच राहिले. माझ्या हातातली चादर खाली पडली.

गणपतीत परळला नाचाचा सामना होता. काका मधोमध बसले, मांडीवर मृदंग. पहिली थाप पडली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डॉक्टर नाचत होते आणि रडतही होते. दोन तास काकांचा हात थांबला नाही. सोडून गेलेले पेशंट पुढे बसून शिट्ट्या मारत होते, मेले!

शेवटच्या फेऱ्याआधी काकांनी माईक ओढला. "जाईबाई हायत काय हितं?"

मी तोंडावर पदर घेतला. काय उपयोग! डॉक्टर स्वतः चाळ घेऊन आले, खाली बसले आणि माझ्या पायात बांधले. "दगदग होईल हां, जाईबाई."

"गप बसा. तुमचा फेरा सांभाळा."

आणि नाचले! बासष्टाव्या वर्षी, पुरुषांच्या गोलात. काकांनी मुद्दाम लय वाढवली, मीपण हटले नाही.

सकाळी दवाखाना उघडला तर बाहेर रांग. माझी कंबर मात्र अशी धरलेली की पाऊल उचलेना. मी कुणाला विचारलं नाही, रांग ओलांडून आत गेले आणि टेबलावर आडवी झाले.

"डॉक्टर," म्हटलं, "सुई नको. हात लावा."