क्युबाचा ढोल आणि बोरीचा पोळा

आम्ही वंचित आहोत हे मला नववीत कळलं. तोवर आमचं बोरीत बरं चाललं होतं. वडील येलदरीला पाटबंधारे खात्यात कारकून, आई अंगणवाडीत, घरावर स्लॅब, समोर तुळतुळीत सारवलेलं अंगण. मग एके दिवशी पुण्याच्या एका संस्थेची जीप शाळेसमोर उभी राहिली आणि फाटकावर फलक लागला: 'वंचित मुलांसाठी लॅटिन संगीत'. तो वाचून आई म्हणाली, आता कुठं कुठं काय कमी आहे ते शोधून ठेवायला पाहिजे, पाहुणे विचारतील.

शाळेत विज्ञानाला शिक्षक नव्हता. त्याची मागणी मुख्याध्यापक दरवर्षी वर पाठवत आणि दरवर्षी ती वरच राहत असे. लॅटिन संगीत मात्र कुणी मागितलं नव्हतं, म्हणून लगेच आलं.

शिकवायला आलेले सर केसांचा बुचडा बांधत. ते काही महिने क्युबात राहून आले होते आणि ही गोष्ट दर तासाला एकदा तरी सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्याकडचा ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि हा आपल्या आयुष्यातला मोठा अनुभव असल्याचं जाहीर केलं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त आमच्याबद्दल आमच्यापेक्षा जास्त माहिती होती.

जीपमधून वाद्यं निघाली. की-बोर्ड, ट्रंपेट, खुळखुळ्यासारखे मराका, एक लोखंडी घंटा आणि कमरेएवढे उंच, कातड्याने मढवलेले ढोल. त्यांना काँगा म्हणतात. मला की-बोर्ड हवा होता. सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं, कोण कुठल्या आळीत राहतं ते विचारलं आणि वाटणी केली. वरच्या आळीतल्या पोरांना की-बोर्ड आणि ट्रंपेट. आम्ही बुद्धवस्तीतली पोरं सगळी ढोलांवर. का, तर ताल तुमच्या रक्तातच आहे. माझं रक्त तोवर फक्त हिमोग्लोबिनसाठी तपासलं होतं. त्यात ताल निघाल्याचं कुणी बोललं नव्हतं.

मी चिडूनच बसले त्या ढोलासमोर. सरांनी तळहात कसा ठेवायचा, बोटं कशी मोकळी सोडायची ते दाखवलं. मी मारलं. आवाज पोटात उतरला. दुसऱ्यांदा मारलं, तेव्हा शेजारची मुलगी दोन लाकडी कांड्या एकमेकींवर वाजवत होती. तिच्या ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत माझा ठोका नेमका जाऊन बसला. मला इतकं आवडलं की माझाच मला राग आला. त्यानंतर मी एकही तास चुकवला नाही.

वडील एका रविवारी बघायला आले. थोडा वेळ उभे राहिले, ढोलाच्या तोंडावर हात फिरवला आणि हे कातडंच आहे ना, एवढंच सरांना विचारलं. सर उत्साहाने हो म्हणाले, अस्सल आहे. घरी जेवण झाल्यावर वडील बोलले. त्यांच्या आजोबांकडे डफडं होतं. गावात लग्न असो, पोळा असो, कुणाचं मढं निघो, बोलावणं आलं की हातातला घास टाकून वाजवत पुढं चालायचं. बदल्यात सुपातून ज्वारी, खोबऱ्याची वाटी आणि गोठ्याजवळ पत्रावळीवर जेवण. ज्या वर्षी दीक्षा घेतली त्या वर्षी आजोबांनी डफड्याची चौकट फोडली आणि तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. त्या पाण्याने घरातली सगळी माणसं न्हाली.

"तू शीक," वडील म्हणाले. "पण ते घरात आणायचं न्हाई. आन कोणाच्या म्होरं चालत वाजवायचं न्हाई. तसं झालं की क्लास बंद."

मी हो म्हणाले. अट सोपी वाटली. तो ढोल उचलायलाच दोन माणसं लागत, तो घेऊन मी कुणाच्या पुढं चालणार होते?

मी गावाला ओळखलं नव्हतं. पोळ्याच्या आधी वरच्या आळीतले एक मोठे शेतकरी शाळेत आले. लय चांगलं वाजवायलेत तुमची पोरं, म्हणाले, औंदा आमच्या बैलांपुढं वाजवा की, ढोलासाठी हातगाडी देतो. आणि बोट नेमकं आमच्या रांगेकडं केलं. की-बोर्डवाल्या मुलांना त्यांनी विचारलं नाही, त्यातला एक तर त्यांचा पुतण्या होता. सरांना गहिवरून आलं. गाव आपल्या कलेला स्वीकारतंय, असं ते म्हणाले. क्युबापर्यंत जाऊन, समुद्र ओलांडून, पुण्यात चहा पिऊन डफडं शेवटी आमच्याच दारात परत आलं होतं, आणि येताना इंग्रजी शिकून आलं होतं.

मी येणार नाही म्हणाले. कारण सांगायला तोंड उघडलं, तर सरांनी हात वर केला. सरावात नकार चालतो, म्हणाले, समाजासमोर नाही. वर्षअखेरीच्या कार्यक्रमाला देणगीदार येणार होते. पोळ्याला जो येणार नाही त्याची त्या कार्यक्रमातली जागा दुसऱ्याला मिळेल, हेही त्यांनी गोड आवाजात सांगितलं. म्हणजे मी गेले तर वडील क्लास बंद करणार, नाही गेले तर सर जागा काढणार. मी त्या दिवशी शाळेच्या नळावर तोंड धुतलं, कारण रडलेलं दिसू द्यायचं नव्हतं.

पोळ्याला वस्तीतलं एकही पोर गेलं नाही. ठरवून नाही. प्रत्येकाच्या घरात कुठलं तरी फोडलेलं डफडं होतंच.

सरांनी मात्र शब्द दिला होता. ते एकटेच गेले. पांढरा सदरा घालून, लोखंडी घंटा घेऊन, बैलांच्या पुढं. ती घंटा क्युबातली, गाईच्या गळ्यातल्या घंटेवरून केलेली. बैलांच्या गळ्यात घंटा होत्याच, त्यात सरांची एक वाढली. वेशीपासून मारुतीपर्यंत ते नाचत वाजवत गेले. लोक खूश झाले. सवयीने म्हणा, गमतीने म्हणा, त्यांना सुपातून ज्वारी दिली, वर खोबऱ्याची वाटी ठेवली आणि गोठ्याजवळ पत्रावळीवर पुरणपोळी वाढली. पाहुणे आत जेवत होते.

दुसऱ्या दिवशी सर फुलून आले होते. मोबाइलवर फोटो दाखवत फिरत होते. मातीच्या इतक्या जवळ बसून आपण कधीच जेवलो नव्हतो, गावाने ओंजळ भरून प्रेम दिलं, असं फोटोखाली लिहिलं होतं. शेकडो लोकांनी त्यावर हृदयं टाकली होती. मग त्यांनी मला विचारलं, या ज्वारी देण्याला काय म्हणतात?

"वाजवणाऱ्याचा हक्क म्हणतात, सर," मी म्हणाले. "माझे पणजोबा तिथंच बसून जेवायचे. बोलावल्यावर न्हाई जायची मुभा नव्हती त्यांना. तुमाला होती."

सर आधी हसले. मग फोटोकडे पाहिलं, गोठा, पत्रावळ, मागे उघडं दार आणि दारातून दिसणारे पाटावरचे पाहुणे. त्यांचं हसू गेलं. त्या दिवशी क्लास झाला नाही. संध्याकाळपर्यंत फोटोही गेला. माझ्या जागेबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत, आणि माफी मागायला त्यांना दोन आठवडे लागले. मागितली मात्र नीट, सगळ्यांसमोर.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर झाला. देणगीदार आले, आमच्या वंचितपणाबद्दल तीन भाषणं झाली, आम्ही नवे कपडे घालून ती ऐकली. मग मी स्टेजवर खुर्चीवर बसले, ढोल गुडघ्यांमध्ये घेतला आणि वाजवलं. पहिल्या रांगेत ते मोठे शेतकरी होते. वडील मागे उभे होते, खुर्च्या रिकाम्या असूनही.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "हे बसूनच वाजवायचं असतंय का?"

मी हो म्हणाले.

"आन ऐकणारे समोर येऊन बसत्यात."

"हो."

पुढच्या रविवारी सरांना विचारून, शेजाऱ्याला मदतीला घेऊन वडिलांनी एक ढोल मोटारसायकलवरून घरी आणला. पुढच्या खोलीत ठेवला. आमच्या घरात हात असलेली खुर्ची एकच होती, ती त्यांची. तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. त्यांनी ती ओढून ढोलासमोर आणली, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले.