फुलीवर पडलेला सूर

तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर कापसाची तूस बसली की जळक्या वातीसारखा वास येतो. बोरी अरबच्या माझ्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात तो वास बारमाही असे. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत लग्नं साधी झाली, कार्यक्रम आटले, तरी वास तेवढा टिकून राहिला. भोंगे खांद्यावर वाहून मी हे दुकान उभं केलं होतं, त्यामुळे कुठलीही वस्तू सांगितल्या भावात घेणं मला अपमानासारखं वाटे.

त्याच काळात माझ्या वहिनीच्या, वत्सलाच्या गाण्यांची सीडी आम्ही करून घेतली. गावच्या बुद्ध विहारात तिचा आवाज निघाला की बाहेर चपला काढणारी माणसं तिथेच थबकत. सीडीवरचे आकडे आवाजात बदलणारं यंत्र, कन्व्हर्टर, मी नागपूरहून आणलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, इसकी घड़ी ठीक नहीं. याच्या वरच्या भावाचं घ्या." मी उखडलो. "मले घड्याळ नाई घ्यायचं, आवाज घ्यायचा हाय!" भाव पाडून, जिंकल्यासारखा मी परतलो.

विहारात सीडी लावली. वहिनीच्या लांब सुरांच्या कडा भुरकटल्या होत्या, उन्हाळ्यात वावरावरची हवा हलते तशा. मागून कोणी म्हणालं, "वत्सला थकली आता." घरी येऊन मीही तेच बोललो, "वहिनी, वय झालं तुमचं." त्या दिवसापासून ती गायली नाही. ना विहारात, ना वावरात.

पुढे त्या यंत्रावर दुसऱ्यांच्या सीडीही तशाच भुरकट वाजल्या, म्हणून दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी नागपूरला गेलो तेव्हा त्याच दुकानात शिरलो, वहिनीची सीडी घेऊन, भांडायच्या तयारीनेच. दुकानदाराने सीडी हातातून घेतली. त्याने दुसरा कन्व्हर्टर जोडला. वहिनीचा सूर उभा राहिला, धुतल्या सकाळसारखा स्वच्छ. फरक बारीक होता, पुष्कळांना कळलाही नसता. मला मात्र पहिल्याच ओळीत कळला.

आकडे दोन्हीकडे तेच, त्याने समजावलं. फक्त प्रत्येक आकडा ज्या क्षणी आवाज व्हायला हवा तो क्षण माझ्या यंत्रात किंचित मागेपुढे सरकत होता. चांगलं यंत्र येणारे आकडे आधी साठवून घेतं आणि मग स्वतःच्या घड्याळाच्या स्थिर ठोक्यावर एकेक सोडतं. मला आमचं वावर दिसलं. उभ्या-आडव्या रेघा जिथे छेदतात त्या फुलीवर बाया सरकी टोबतात. सरकी ओटीत कशीही पडो, मूठभर नाहीतर चिमूटभर. हात एकेक दाणा काढतो आणि फुलीवरच ठेवतो. फुली चुकली तर बियाणं तेवढंच असूनही तण काढायचा डवरा आडवा चालत नाही. "मंग हे तवाच ऐकवून काहून नाई दाखवलं?" मी ओरडलो. तो हसला, "तुमी ऐकून घेत होते काय?"

त्याच्यावरचा तो राग अजून माझ्या मनात आहे. माल विकणाऱ्याने ऐकवायलाच हवं होतं.

नवं यंत्र जोडून वहिनीला ऐकवलं, तेव्हा लागवडीचे दिवस होते. औषध लावलेल्या सरकीचा उग्र दर्प तिच्या हातांना होता. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे तवा माहा आवाज बराबर होता?"

"होता."

"मंग भाऊजी, तुमी काहून म्हनलं वय झालं?"

मी यंत्राविषयी बोलू लागलो. तिने ओटी खोचली आणि ती वावराकडे निघाली. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात गाल का, हे मी मागून विचारलं. "पाहू," ती म्हणाली.

दुकानदाराने निदान घेतानाच खरं सांगितलं होतं, हे मला तिच्यामागून जाऊन वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभं असताना सुचलं. सरकीच्या ओळीच्या, तासाच्या पार टोकाला, वाकलेल्या बायांमध्ये कोणीतरी गुणगुणत होतं. वारा उलटा होता, नीट ऐकू येत नव्हतं. जवळ जावंसं वाटलं. पण मी गेलो तर ते थांबेल, असं वाटून जागीच उभा राहिलो.