ताईच्या उशाशी बटण

ऑफिसात त्याला सगळे ‘थांब जरा’ म्हणत, कारण कुणीही हाक मारली की तो तेच म्हणायचा. प्रोग्रॅमही तसेच लिहायचा, आणि त्यात चूक काही नव्हती. कामाच्या मध्येच सिग्नल आला तर नुसती खूण करून ठेवायची, हातातलं संपलं की ती बघायची. धंद्याचा नियमच तो.

ह्या माणसाला ताईने वाढवलं. आईवडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा. तिने स्वतःचं लग्न बाजूला ठेवून ह्याला शिकवलं. गेल्या वर्षी अर्धांगवायूने तिची वाचा गेली, तेव्हा त्याने तिच्या उशाशी बटण बसवलं. दाबलं की शेजारच्या खोलीतल्या संगणकावर त्याच्या प्रोग्रॅमला सिग्नल जायचा आणि टेबलावरची बेल वाजायची. पन्नास वेळा तपासलं. तो धावत आला की ताई हसायची. कधी नुसती गंमत म्हणूनही दाबायची, लबाड.

पण तपासताना, आणि एरवीही ताईने दाबलं तेव्हा, दर वेळी तो कीबोर्ड बडवत बसलेला. प्रोग्रॅम कीबोर्डला किंवा माउसला हात लागला की जागा होई, एरवी झोपून राही. सिग्नल आला की खूण व्हायची, पण झोपलेल्याला उठवणारी एक ओळ लिहायचीच राहिली होती. कीबोर्डवर बोट पडलं की प्रोग्रॅम आपसूक उठायचा, खूण बघायचा, बेल वाजवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

सुट्टीच्या दुपारी तो टेबलाशेजारी बसून ताईच्या चादरींच्या घड्या घालत होता. कान बेलकडेच. घड्या संपल्यावर त्याने सहज माउस हलवला, आणि बेल वाजली.

“आलो गं, आलो!” म्हणत तो गेला. ताईचा अंगठा बटणावर होता. ती गेली होती.

डॉक्टर म्हणाले, “अर्धा तास आधी आणलं असतं तर...”

संगणकात नोंद होती. चाळीस मिनिटांत तिने अकरा वेळा बटण दाबलं होतं. बेल वाजली एकदाच, कारण खूण एकदा झाली की झाली, पुढच्या दहा वेळा तीच. अकरा हाका! ते वाचून तो लहान मुलासारखा रडला.

आठवड्याने त्याने ती ओळ लिहिली. मग कीबोर्डला हात न लावता ताईच्या पलंगावर आडवा झाला आणि बटण दाबलं. बेल तत्क्षणी वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. तो दाबत राहिला, पण शेजारच्या खोलीतून यायला कुणी नव्हतं.