गावाची उंची सांगणारं घड्याळ

हवाई दलात पंधरा वर्षं काढली असं सांगितलं, की आमच्या भागात पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "मंग इमान चालवलं का न्हाई?" नाही चालवलं. विमानात बसलोसुद्धा मोजून चार वेळा, आणि त्यातल्या दोनदा ओकलो. माझं काम वैमानिकाच्या समोरच्या फळीवरची गोल यंत्रं दुरुस्त करण्याचं. उंची किती, वेग किती, नाक कुठल्या दिशेला, पंख सरळ की कललेले, हे दाखवणारी ती यंत्रं मी टेबलावर उघडायचो, पुसायचो, तपासायचो आणि बंद करायचो. थोडक्यात, विमानांचा घड्याळजी. पण पेन्शन घेऊन गावी परतलेला माणूस स्वतःला घड्याळजी म्हणवून घेत नाही. मी 'इन्स्ट्रुमेंट' हा शब्द दिवसातून वीसदा वापरायचो. मग लोक पुढचं विचारायचे नाहीत.

आमचं गाव पूर्णा जंक्शनपासून एस.टी.नं तासाभरावर, कालव्याखालचं. परतलो तेव्हा घरात दोनच माणसं होती: वडील, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, आणि वहिनी. थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता. माझी बायको-मुलं शाळेचं वर्ष संपेपर्यंत नांदेडला तिच्या माहेरी राहिली होती. मी तिसरा, आणि चौथं माझं यंत्र.

ते होतं एक जुनं उंचीमापक, मोडीत निघालेलं, भंगारवाल्याकडून रीतसर विकत घेतलेलं. मी त्याची काच बदलली, चक्रं साफ केली आणि माझ्या खोलीच्या भिंतीवर, जिथं बाकीच्यांच्या घरी देवाचं कॅलेंडर असतं, तिथं ते ठोकलं. घरी आल्यागेल्याला ते दाखवल्याशिवाय मी चहा येऊ देत नसे.

नाव उंचीमापक असलं तरी ते उंची मोजत नाही. त्याच्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी असते, आतली हवा काढून घेतलेली. वर जावं तशी बाहेरची हवा विरळ होते, दाब कमी पडतो, डबी फुगते, आणि ते फुगणं बारीक दातेरी चक्रं काट्यापर्यंत पोचवतात. यंत्र मोजतं दाब आणि सांगतं उंची. आता विमान जमिनीवर उभंच असलं आणि हवा बिघडून दाब उतरला, तर बिचाऱ्याला वाटतं आपण वर चढलो. हवेचा दाब दिवसातही वरखाली होतो. त्यामुळं आमचं गाव रोज सकाळी दहाच्या सुमारास खाली बसायचं आणि दुपारी चारला शंभरेक फूट वर चढायचं. हे मी पारावर सांगितलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "तरीच दुपारी मला घरी जाताना दम लागायलाय."

पहिल्याच पावसाळ्यात काटा अडीचशे फूट वर गेला. मी पारावर जाहीर केलं, मोठी हवा येते आहे. तीन दिवस झड लागली. एवढं पुरलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवसांत एकमेकांकडं पाठ करून बसणारी माणसंसुद्धा माझ्याकडं तोंड करून 'घड्याळ काय म्हणतंय' विचारायला लागली. माझी मान इतकी ताठ झाली की खालचं दिसेना.

खरी घमेंड वेगळीच होती. वैमानिकाला शिकवलेलं असतं की ढगात शिरल्यावर अंगावर विश्वास ठेवू नको. विमान वळत असतं आणि अंगाला वाटतं सरळ चाललंय. सरळ करावं तर वाटतं उलट बाजूला कललं. अंगाचं ऐकलेले कितीतरी जण जमिनीत घुसले. म्हणून अंग विसर, काट्याकडं बघ. हे वैमानिकासाठी होतं. मी ते दादांना, वहिनीला आणि सालगड्याला शिकवायला लागलो. वहिनी म्हणाली की आज गदगदतंय, पाऊस येईल, की मी काचेवर टिचकी मारून म्हणायचो, "वहिनी, तुम्हाला वाटतंय. काट्याला वाटत नाही."

ती हसायची आणि कामाला लागायची.

वहिनीची त्या वर्षी मोठी परीक्षा होती. भावाच्या वाटणीचा दीड एकर होता. तो चुलत्याच्या थोरल्याला बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, देऊन टाकावा, असं भाऊबंदांचं म्हणणं. "बाईमाणसानं शेती करायची मंजी गड्यांच्या हातात शेती द्यायची," असं ते दादांना रोज सांगायचे. वहिनीनं एकच वर्ष मागून घेतलं. दादा म्हणाले, "कर. पाडव्याला बघू." आमच्याकडं शेतीचं साल पाडव्याला बदलतं, गडी त्याच दिवशी ठरतात, बटई त्याच दिवशी ठरते. वहिनीनं हळद लावली. त्या दीड एकराबाहेर तिचं स्वतःचं असं काही नव्हतं, आणि हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

हळदीचं खरं मरण काढणीनंतर असतं. कंद काहिलीत शिजवायचे आणि मग पंधरा-वीस दिवस उघड्यावर वाळवायचे. त्या दिवसांत भिजली की हळकुंड काळं पडतं, रंग जातो, झालं. आणि फाल्गुनात आमच्याकडं गारांचा नेम नसतो. म्हणून वहिनी रोज दुपारी माझ्या दारात येऊन विचारायची, "भाऊजी, काय मंतंय घड्याळ?"

मी वही उघडून सविस्तर उत्तर द्यायचो. त्या महिन्यात उत्तर एकच होतं: हवा उत्तम. दुपार तापत जाईल तसा काटा छान खाली यायचा, म्हणजे दाब चढता, म्हणजे आकाश निरभ्र. ती "बरं" म्हणून जायची. कधी कधी संध्याकाळी मला हळद गोळा करून ताडपत्रीखाली घातलेली दिसायची. मी म्हणायचो, उगाच कष्ट करता. आणि त्याच रात्री चार थेंब पडायचे. योगायोग, असं मी वहीत लिहून ठेवलंय. वही अजून आहे, म्हणून खोटं सांगता येत नाही.

एका सकाळी मी मुलाखतीला निघालो. जवळच्या साखर कारखान्यात बॉयलरची दाबमापकं सांभाळायची नोकरी होती. निघताना वहिनीला सांगितलं, "आठ दिवस काही नाही. बिनघोर पसरा." छत्रीही घेतली नाही.

मुलाखत चांगली झाली. परतताना एस.टी. आमच्या फाट्याच्या अलीकडं थांबली, कारण पुढं रस्ता दिसत नव्हता. टपावर बोराएवढ्या गारा वाजत होत्या. अर्ध्या तासानं मी खाली उतरलो तो चिखल तुडवत, आणि सगळ्या वाटेत एकच विचार: वहिनीला मी बुडवलं. हळद गेली, पाडवा आठ दिवसांवर, आणि हे माझ्या तोंडच्या शब्दानं झालं. मला रडू येत होतं. पावसात ते खपून गेलं.

खळ्यावर पोचलो तर जमीन रिकामी. हळद सगळी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कोरडी ठणठणीत, वर ताडपत्री. आणि दादा, सालगडी, दोन शेजारी माझ्याकडं कौतुकानं बघतायत. सालगडी म्हणाला, "काय घड्याळ हाय मालक तुमचं! दुपारी बाईसाहेब आल्या अन् मनल्या, भाऊजी सांगून गेलेत, घड्याळ गारा दावायलंय, उचला समदं. आमी उचललं अन् घंट्यात हे सुरू!"

मी वहिनीकडं बघितलं. ती सुपानं गारा गोळा करत होती, मान खाली.

त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं ते मला आज नीट माहीत आहे. मी म्हणालो, "हं, दाब जरा हललाच होता सकाळी." लोकांनी मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी पारावर तीच गोष्ट मी आणखी रंगवून सांगितली. तिसऱ्या दिवशी तर मला खरंच वाटायला लागलं की निघताना आपण तसंच काहीतरी म्हणालो असू.

चौथ्या दिवशी वही लिहिताना हात थांबला. काटा रोज दुपारी खाली येत होता. पण दुपारी गाव वर चढतं! हे मीच तर पारावर शिकवलं होतं. महिनाभर काटा उलटा चालत होता आणि मी त्याच्याखाली 'उत्तम' असं लिहीत होतो.

यंत्राच्या पाठीमागं हवा आत घेणारी एक तोटी असते. विमानात तिला नळी जोडून ती बाहेरच्या अंगाला, बरोबर जागी उघडतात. भिंतीवर टांगलेल्या यंत्राला त्याची काही गरज नव्हती. पण मी पडलो कारागीर. मी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून भिंतीतून बाहेर वळचणीला काढली होती, शास्त्रशुद्ध. शिडी लावून बघितलं तर नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. चिखलानं तोंड लिंपलेलं, फक्त कुठंतरी बारीक पाझर. आत हवा कोंडलेली. दुपारी खोली तापली की ती हवा तापायची, तिचा दाब वाढायचा, डबी दबायची आणि काटा खाली यायचा. आमचं उंचीमापक आता खोलीतला उकाडा मोजत होतं. जितकं उकडेल तितकी हवा उत्तम!

हवाई दलात विमान उभं राहिलं की या भोकांवर आम्ही झाकणं लावायचो, लाल फडकी बांधून. कशासाठी? याच माशीसाठी. पंधरा वर्षं मी ती फडकी मोजली होती. आणि हेही सांगून टाकतो, की ते यंत्र धडधाकट असतं तरी गारपिटीचं त्याला फारसं काही कळलं नसतं.

मी शिडीवरून उतरलो आणि कुणाला काही बोललो नाही. नोकरीचं पत्र आलं होतं. पाडवा करून निघायचं, म्हणजे झाकली मूठ राहील, असा सरळ हिशेब.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर भाऊबंद ओसरीवर जमले. चुलत्याचा थोरला नवी टोपी घालून, नारळ घेऊनच आला होता. वहिनी आत दाराच्या चौकटीला टेकून उभी. दादा शांतपणे बोलले, आणि त्यांच्या मनात खोट नव्हती.

"हळद वाचली, चांगलं झालं. पण ती घड्याळानं वाचली. अन् घड्याळवाला उद्या कारखान्यावर चाललाय. फुडल्या साली हिला सांगणार कोण? त्यापेक्षा जमीन बटईनं गेलेली बरी."

मी आत बघितलं. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी उठलो, खोलीत जाऊन यंत्रामागची नळी सोडवली, शिडी लावून ती बाहेरून ओढून घेतली आणि ओसरीवर आणून दादांसमोर ठेवली. टोकाला मातीचा तो गोळा तसाच होता.

"घड्याळ बंद आहे दादा," मी म्हणालो. "महिना, दीड महिना झाला. माशीनं बुजवलंय. त्या दिवशी मी उलट सांगून गेलो होतो, बिनघोर पसरा म्हणून."

चुलत्याचा थोरला खो खो हसला. मग एकेक करून सगळेच हसले. पारावरचं माझं पावसाळ्यापासूनचं राज्य त्या हसण्यात बुडालं. हसणं थांबल्यावर दादांनी विचारलं, "मंग गारांचं सांगितलं कुणी?"

दादांची नजर हळूहळू दाराकडं गेली.

"सूनबाई, तुला कसं कळालं?"

"सकाळी मिठाच्या गाडग्याला पाणी सुटलं होतं," ती आतूनच म्हणाली. "अन् चुलवणाचा धूर वर जाईना. वारं बी फिरलं होतं."

"मंग घड्याळाचं नाव कामून घेतलंस?"

"माझं नाव घेतलं असतं तर गड्यांनी उचलली असती का हळद, दादा?"

दादांनी मातीच्या गोळ्यासकट नळी उचलून बाजूला ठेवली. मग चुलत्याच्या थोरल्याला म्हणाले, "नारळ घेऊन जा बाबा. देवाला फोड. जमीन जिथं हाय तिथं राहील."

दुपारी पुरणपोळी वाढताना वहिनी थोडी हसरी होती. मला धीर आला. विचारलं, "वहिनी, नळी बुजल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"संक्रांतीला घर झाडताना बघितली की ती माशी. चिखल आणायली होती तोंडात."

"संक्रांतीला? म्हणजे माझ्या अंदाजापेक्षाही महिनाभर आधी! आणि मला सांगितलं नाही?"

तिनं माझ्या पोळीवर तूप वाढलं.

"सांगितलं असतं तर तुमी ते नीट केलं असतं, भाऊजी. मंग मला त्याचं ऐकावं लागलं असतं."